‘आता तरी बसा’, पडद्याच्या बाजूनं

गुरुवारी दुपारी मी बायकोच्या पायाची नखं काढली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम हे. तिचे गुडघे गेलेले, वाकता येत नव्हतं. दारात ऊन आलं होतं. तिला खुर्चीत बसवलं, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवले आणि मी खाली पाटावर बसलो. अंगठ्याचं नख काही केल्या नेलकटरला ऐकेना.

"नखं आहेत का बैलाची शिंगं?" मी म्हणालो.

"कापा की गुमान. रविवारी नवी चप्पल घालायचीय मला."

"नाटकात तुझे पाय कोण बघणार?"

"तुमी जन्मात बघितलं न्हाई, म्हणून जगानं बी बघू नये व्हय?"

रविवारी आम्ही नाटकाला जाणार होतो. जोडीनं, पुढच्या खुर्च्यांत. यात काय मोठं, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण मी अडतीस वर्षं नाट्यगृहात पडदा ओढला, आणि त्या अडतीस वर्षांत एकदासुद्धा बायकोशेजारी बसून नाटक बघितलं नाही. एका नाटकाच्या शेवटच्या वाक्यावरून आमचं भांडण होतं, ते त्या रविवारी मिटायचं होतं. शुक्रवारी सकाळी ती गेली.

दिवाळी अंकवाल्यांनी मला पडद्याबद्दल लिहायला सांगितलंय. मी चौथी शिकलेला माणूस. नातीनं शुद्धलेखन बघितलंय, बाकी शब्द माझे. पडद्याबद्दल लिहायचं तर त्या भांडणाबद्दल लिहावं लागतं. दुसरं मला येत नाही.

आधी काम सांगतो. आमचा पडदा वरून पडणारा. खालच्या कडेला लांब वासा, त्या वाशाभोवती पडदा गुंडाळत वर जातो. दोर कप्पीवरून विंगेत येतो आणि विंगेत मी. पडदा वर न्यायला दोर ओढायचा, खाली आणायला सोडायचा. ओढायला नुसती ताकद लागते, ती कुठल्याही हमालाकडं असते. सोडायचं काम अवघड. दोर तळहातातून किती जोरानं जाऊ द्यायचा, त्यावर नाटकाचा शेवट ठरतो. धाडकन सोडला तर लोक दचकतात आणि टाळ्या मारतात. हळू सोडला तर डोळे पुसतात. फार हळू सोडला तर चपला शोधायला लागतात.

माझे तळहात बघितले तर अजून मधून चामड्यासारखे आहेत. सुरुवातीला सोलून निघायचे. बायको एरंडेल लावायची आणि म्हणायची, "मोट वडून येता का नाटकातनं?"

आणि एक सांगतो. पडदेवाल्याला नाटक दिसत नाही. त्याला बाजू दिसते. राजाच्या अंगरख्याला पाठीमागं लावलेल्या टाचण्या दिसतात, राणी मेल्यावर तिच्या पायाला चावणारा डास दिसतो. तोंड दिसत नाही. मी नाटकं सगळी ऐकून पाठ केली.

आता ते नाटक. नाव लिहीत नाही, सोलापुरात ज्याला कळायचं त्याला एका वाक्यावरून कळेल. ज्याला कळणार नाही त्याच्यासाठी गोष्ट सांगतो. एका सरदाराचा गड जातो. तो शपथ घेतो की गड परत घेईपर्यंत बूड टेकणार नाही. तीन अंक तो माणूस उभा. जेवतो उभ्यानं, झोपतो भिंतीला टेकून. या शपथेपायी भाऊ मरतो, तरणा मुलगा मरतो. शेवटी गड मिळतो, पण गडावर कोणी उरलेलं नसतं. बायको तेवढी घाव लागून पायरीवर पडलेली. तो जिंकून आत येतो, तिच्यापुढं उभा राहतो. ती वर बघते आणि म्हणते, "आता तरी बसा." आणि मरते. पडदा.

ते वाक्य आमच्याकडं घराघरात गेलं. पाहुणा दारात घुटमळला की बायका म्हणायच्या, आता तरी बसा. लग्नात हार हातात धरून ताटकळलेल्या नवरदेवाला पोरी म्हणायच्या. कचेरीत शिपाईसुद्धा साहेबाची वाट बघणाऱ्याला म्हणायचा, वर दात काढायचा.

तर ती बाई ते का म्हणते? यावर जितके आले तितक्यांनी वेगळं सांगितलं. मी सगळ्यांचे पडदे टाकलेत, म्हणून मला माहीत.

पहिल्या कंपनीची बाई ते दात खाऊन म्हणायची. झालं समाधान? सगळे मेले, आता तरी बसा! असा टोमणा. तिचा आवाज संपायच्या आत मी दोर सोडायचा. टाळ्यांनी पत्रे हलायचे. मला तेच पटलेलं. बाईचा आवाज मी चार हातांवरून ऐकायचा, तो टोमणाच होता.

त्या कंपनीत सरदार करायचे त्यांना मूळव्याध होती. शपथ खरी वाटायची ती त्यामुळं. एकदा दौऱ्यात त्यांना बरं वाटलं, तर मालक म्हणाले, "औषध बंद करा, काम पडलं तुमचं."

नंतर एका हौशी मंडळींचे प्राध्यापक आले. त्यांनी मला विंगेत अर्धा तास समजावलं. बसा म्हणजे नुसतं बसा नाही, त्यात सगळ्या युद्धांचा प्रश्न आहे, माणसाच्या आयुष्याचा प्रश्न आहे. मी म्हणालो, "सर, पडदा कधी सोडू तेवढं सांगा." ते म्हणाले, वाक्यानंतर शांतता. मनात सात मोजायचे. प्रयोगात मी मोजायला लागलो. पाचाला पुढच्या रांगेतलं एक लेकरू मोठ्यानं म्हणालं, "आई, मेली का गं ती?" सगळं नाट्यगृह हसलं. सहा-सात कुठले मोजतोय, मी दोर सोडून दिला. प्राध्यापक वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. प्रश्न माझ्यामुळं गेला म्हणाले.

आणि दुधनी.

दुधनी म्हणजे माझी सासुरवाडी. तिथं जत्रेत त्या पहिल्या कंपनीचा खेळ लागला, दुपारचा, उघड्या माळावर कनाती बांधून, आणि पडद्यासाठी त्यांनी मला सोलापुराहून बरोबर नेलं. निम्मी माणसं कानडी बोलणारी. बायको माहेरी गेलीच होती, ती बायकांत पुढं बसली. शेवट आला. बाई म्हणाली, आता तरी बसा. मी दोर सोडला, तर दोर हलेना. नवा दोर होता, पीळ पडून कप्पीत अडकलेला. मी झटके देतोय, पडदा वरच. सरदार उभा, बाई पायरीवर डोळे उघडे ठेवून पडलेली, कारण पडदा पडल्याशिवाय तिला हलता येईना. माळावर कोणी खोकेना. तेवढ्यात पटकेवाला एक म्हातारा पुढून कळवळून ओरडला, "कुंद्रपाऽ!" म्हणजे कानडीत, बस की रे बाबा. मग दुसरा ओरडला. मग बाया म्हणायला लागल्या.

सरदार गोंधळले आणि बसले. पायरीवर, बाईशेजारी, मांडी घालून.

माळावर एकदम रडं उठलं. मला विंगेतून काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. कप्पी सुटली तेव्हा पडदा पडला.

मालक माझ्या अंगावर आले. "शोकांतिका आहे ही, पंगत नव्हे! त्याला बसवलास?"

"दोर अडकला, मालक."

"तुझी अक्कल अडकली. पुन्हा बसला तर नाट्यगृहात सांगून तुलाच घरी बसवीन."

परत येताना यष्टीत मी तोंड पाडून बसलो होतो. बायको मात्र खुशीत. तिच्या मांडीवर माहेरच्या शेंगांची पिशवी.

"आज खरं नाटक झालं," ती म्हणाली.

"माझी नोकरी जाणार होती, आणि तुला नाटक झालं?"

"तो बसला तवा तिनं त्याच्याकडं बघितलं, मग डोळे मिटले. तिला तेच पायजे होतं."

"काय पाहिजे होतं?"

"त्याचं तोंड बघायचं होतं. ती खाली पडलेली, त्यो उबा. खालनं माणसाचे गुडघे दिसतात नुसते. म्हणून म्हणती, बसा."

मी मोठ्यानं हसलो. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "एवढा गड गेला, मुलगा गेला, आणि तिला म्हणे तोंड बघायचंय. अगं, टोमणा आहे तो. मी रोज ऐकतो."

"ऐकता की. बघितलंय का कदी म्होरनं?"

तिथून भांडण सुरू झालं ते कधी संपलंच नाही. ती घरी कडक भाकरी करून खानावळींना द्यायची. तव्यापाशी बसून तीच गोष्ट. कंपनी गावात आली की एकटी जाऊन बघायची, आणि आली की सांगायची, "आज बी तुमी घाई केली. पडदा लवकर टाकता तुमी." मला वाटायचं, भाकरी थापणारी बाई मला दोर शिकवते. आणि खरं सांगतो, दुधनीनंतर मी मुद्दाम लवकरच टाकत होतो. एक मालकाची भीती, आणि दुसरं, तिचं खरं होऊ द्यायचं नव्हतं. नोकरीत दुसरी चूक मी फार केली नाही. ही एक तीसेक वर्षं केली.

ती म्हणायची, एकदा माझ्याशेजारी बसा आणि बघा. फक्त शेवट बघा. मी म्हणायचा, सुट्टीच्या दिवशी गवंडी काय लोकांच्या भिंती बघत फिरतो का? पण सवड नव्हती असं नाही. रफिकभाई म्हणून आमचा टेंपोवाला होता, नाटकाचं सामान आणायचा. त्यानं एकदा शेवटच्या अंकाला दोर हातात घेतला आणि म्हणाला, "जाव अप्पा, भाभी के बाजू में बैठो. परदा मैं छोड़तूं. रस्सीच है, राकेट है क्या?"

बायको पुढं बसलेली, शेजारची खुर्ची तिनं पिशवी ठेवून धरलेली. मी विंगेच्या फटीतून बघितली ती पिशवी. आणि रफिकभाईच्या हातातला दोर काढून घेतला. माझा दोर दुसऱ्याच्या हातात जाणं मला सहन झालं नाही. लोक दारूपायी, पत्त्यांपायी बायकोला दुःख देतात. मी दोरापायी दिलं.

निवृत्त झालो आणि नाटकही बंद पडलं. इतके पोशाख, इतकी माणसं आता कोणाला परवडत नाहीत. आम्ही म्हातारे झालो. मग यंदा काही पोरांनी ते पुन्हा बसवायला घेतलं. त्यांची दिग्दर्शक पूजा म्हणून पोरगी, माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी. पत्ता काढत घरी आली. आता पडदा विजेवर पडतो, बटण दाबायचं. तरी तिला वेग विचारायचा होता. मी तिला हातवारे करून सांगितलं, वाक्य संपलं की सोड. बायको आतून ओरडली, "त्यांचं ऐकू नगंस गं, त्यांनी बघितलं न्हाई!" पूजा हसली आणि रविवारचे दोन पास देऊन गेली. शनिवारी दहाला तालमीला या म्हणाली.

शुक्रवारी सकाळी बायको तव्यापाशी गेली, परत आली, छातीत जड वाटतंय म्हणाली. शेजारच्या पोरानं रिक्षा आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत. मातीत ठेवतात, तेही बसवून. घरातसुद्धा माणूस गेला की आडवं ठेवत नाहीत. भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती, गळ्यात हार. लोक येऊन नमस्कार करतात, भजन चालतं. तिला बसवली. होटगीची माझी मुलगी सुरेखा आली, दुधनीचे मेहुणे आले. मी दारापाशी उभा होतो. कोण आलं, कोण गेलं, पाण्याचं काय, हाराचं काय, बघत होतो. उभं राहायची सवय अंगात मुरलेली.

दुपारी विधी करणारे स्वामी म्हणाले, आता उचलायची, डोळे भरून बघून घ्या. मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. तिची मान थोडी झुकली होती. मला वरून भांग दिसत होता, भांगातली पांढरी झालेली वाट आणि हारातली शेवंती. तोंड दिसत नव्हतं. मी वाकलो, तरी दिसेना. मग खाली बसलो, तिच्यासमोर फरशीवर, मांडी घालून. तेव्हा दिसलं.

किती वेळ बसलो माहीत नाही. मेहुण्यांनी उठवलं. खड्ड्यातही तिला पूर्वेकडं तोंड करून बसवली आणि मी पहिली माती टाकली.

शनिवारी सकाळी मी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला. सुरेखा भिंतीपाशी बसली होती.

"कुटं निघालात, अप्पा?"

"तालमीला."

"काय बोलताय? लोक काय म्हणतील?"

"आपल्यात सुतक नसतं. कालच स्वामी बोलले की."

"सुतक नसतं म्हणून नाटक बघाय जायचं? आई काल गेलीय."

 तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि रिक्षा करून गेलो.

पूजाला काही कळलेलं नव्हतं. "अप्पा, या, विंगेत बटणापाशी खुर्ची ठेवलीय तुमच्यासाठी."

"नको. मी पुढं बसतो. शेवट तेवढा लाव."

तिसऱ्या रांगेत बसलो. समोरून रंगमंच केवढा मोठा दिसतो, मला माहीतच नव्हतं. सरदार झालेला पोरगा आला, उभा राहिला. पायरीवर पडलेल्या पोरीनं मान वर केली. तिचं तोंड मला समोर दिसत होतं. "आता तरी बसा." चांगलं म्हणाली, टोमणा मारल्यासारखंच, मला आवडायचं तसं. आणि मी सांगितलं होतं तसा लगेच पडदा सुटला.

वरून पडणारा पडदा आधी उभ्या माणसाला झाकतो. पहिल्यांदा त्याचं पागोटं गेलं, मग तोंड, मग छाती. खाली ती पोरगी अजून वर बघतच होती आणि वर नुसतं कापड. शेवटी त्याचे पाय आणि तिचं तोंड, एवढंच राहिलं. मग तेही गेलं.

इतकी वर्षं मी त्या बाईला कापडाकडं बघायला लावलं. विंगेतून हे दिसत नाही. खुर्चीतून पहिल्याच झटक्याला दिसतं.

"थांब," मी ओरडलो.

पूजा पळत पुढं आली. "लवकर पडला का?"

"लवकर पडला. मी शिकवला तसाच पडला. आता त्याला बसू दे. पुरता, मांडी घालून. तिच्याएवढा खाली आला, तिनं बघितलं, की मग बटण दाब. हळू."

सरदार झालेला पोरगा म्हणाला, "पण काका, त्याची शपथ?"

"गड मिळाला की. आता कसली शपथ?"

पूजा म्हणाली, "अप्पा, मग वाक्याचा अर्थच बदलतो. टोमणा राहत नाही तो."

"टोमणा नव्हताच. तिला त्याचं तोंड बघायचंय. खालून दिसत नाही."

पूजानं विचारलं, "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आमच्या घरात. दुधनीहून येताना."

"काकूंनी? मग उद्या त्या खूश होणार. येतायत ना?"

"तिनं बघितलंय," मी म्हणालो. "तू लाव परत."

दिवे पुन्हा आले. पोरीनं या वेळी दात खाल्ले नाहीत. घरात म्हणतात तसं म्हणाली. पोरगा अवघडून गुडघ्यांवर आला, मग बसला. ती बघत राहिली. पडदा हळू निघाला, आणि बराच वेळ दोघांचीही तोंडं दिसत होती.

मी अजून एकदा लावायला सांगितलं.